खोली मोठी, आजी लहान

परवा कॅन्टीनमध्ये टीममधल्या एका मित्राने विचारलं, "अरे, एक छोटा कॅमकॉर्डर घेतलाय, सेकंडहँड. त्याला वाइड अँगल लेन्स कुठली लावू? ०.४५ की ०.७?" मी म्हटलं, "कुठलीच नको. आधी माइक घे." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू त्याने बुलेटच्या सायलेन्सरबद्दल विचारलं आणि मी त्याला हेल्मेट घे म्हणालो. "तुला काय होतंय सांगायला? तुझ्याकडे दोन आहेत की!"

बरोबर आहे. माझ्याकडे दोन आहेत. एक ड्रॉवरमध्ये आणि एक डेस्कवर, पेपरवेट म्हणून. म्हणूनच तर सांगतोय. चहाच्या दहा मिनिटांत हा वाद मिटणारा नव्हता, म्हणून आजची शनिवार सकाळ त्याच्यावर खर्च करतोय.

हल्ली जुने डिजिकॅम आणि कॅमकॉर्डर घ्यायची टूम आली आहे. चांगलंच आहे. माझा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या पहिल्या खरेदीवर. कॅमेरा हातात आला की आपण काय करतो? लेन्सच्या कड्यावर ३७ किंवा ४३ असा आकडा शोधतो आणि तो टाकून सर्च मारतो. मग येतं ते 'किट'. ०.४५ एक्स वाइड अँगल, तिच्याच पोटात स्क्रूने बसवलेली मॅक्रो, एक यूव्ही फिल्टर, फुलाच्या पाकळ्यांसारखं कापलेलं हूड, धूळ झटकायचा ब्रश आणि झाकण हरवू नये म्हणून दोरी. सगळं मिळून एका पार्टीच्या पैशांत. आणि आपण पडलो इंजिनिअर! ०.४५ हा ०.७ पेक्षा लहान, म्हणजे जास्त वाइड, म्हणजे जास्त भारी. ऑर्डर प्लेस्ड.

मीही अगदी हेच केलं. आता त्याची गोष्ट.

न्हावरे हे माझं आजोळ. शिरूर तालुक्यात, शिरूर-चौफुला रस्त्यावर. घोडगंगा साखर कारखान्याचं न्हावरे म्हटलं की बऱ्याच जणांची ट्यूब पेटते. खराडीतून निघायचं आणि नगर रोड धरायचा. वाघोलीचं ट्रॅफिक सुटलं तर जेवायच्या वेळेला आजोळी, नाही सुटलं तर वाघोलीत.

मामाने २०१२ साली घेतलेला एक छोटा कॅमकॉर्डर तिथे कपाटात पडून होता. एसडी कार्डवर रेकॉर्ड करणारा, झूम दमदार, पण वाइड बाजूला अगदीच आखडलेला. ३५ मिमीच्या हिशेबात म्हणाल तर साधारण ४३ मिमीला सुरू होणारा. (त्या काळच्या बऱ्याच छोट्या कॅमकॉर्डरचं हेच होतं. कंपन्यांची सगळी मारामारी डब्यावर झूमचा आकडा किती मोठा छापायचा याची होती.) आजीच्या माजघरात हा कॅमेरा लावला की एक तर आजी येते, नाहीतर जातं येतं. दोन्ही नीट यायचं तर मागे सरकायला हवं, आणि मागे दार.

जातं का? तर आजी ओव्या म्हणते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दळण गिरणीतून आणायला लागल्याला कित्येक वर्षं झाली, पण लग्नकार्यात हळद दळायला जातं निघतंच, आणि तिने खुंटा धरला की ओवी आपोआप सुरू होते. मला त्या रेकॉर्ड करायच्या होत्या. नुसता छंद म्हणून नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यातल्या कितीतरी बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात रेकॉर्ड केल्या, आणि २०१७ पासून 'पारी'ने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्या ओव्या मी तिथे ऐकल्या आणि पहिला विचार आला तो हाच, की आमच्या आजीच्या कुणी घेतल्यात?

आता गंमत बघा. त्या प्रकल्पाचा पाया आहे आवाज. शब्द आणि आवाज. व्हिडिओ नंतर आला. आणि हे ऐकून प्रेरणा घेतलेल्या माझ्यासारख्या शहाण्याने पहिली खरेदी कशाची केली? काचेची!

तर गेल्या वर्षी मामेबहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी मी न्हावऱ्याला हजर. कॅमेऱ्यावर ती ०.४५ ची भली थोरली लेन्स. आजी म्हणाली, "आरं, ह्यो डबा कशाला लावलाय म्होरं? माजं त्वांड त्यात मावंना का?" सगळे हसले. मीही हसलो. स्टँड जमिनीवर लावला, दारातून आठ फुटांवरून फ्रेम बघितली, आणि खरं सांगतो, खूश झालो. अख्खं माजघर आलं होतं! दोन्ही भिंती, देवळी, फडताळ, वरच्या पत्र्याची आडवी लाकडं, पंखा, कालनिर्णय. आणि मधोमध कुठेतरी आजी.

तिने वीस-बावीस ओव्या म्हटल्या. मामी खुंट्याला हात लावून बसली होती. मी स्क्रीनकडे बघून मान डोलवत होतो. हेडफोन लावले नव्हते. कॅमेऱ्याला हेडफोनची जागा आहे, माइकची पण आहे, दोन्ही त्या दिवशी रिकाम्या.

रविवारी रात्री खराडीला परत येऊन लॅपटॉपवर लावलं. जातं उत्तम रेकॉर्ड झालंय. खरंच, असं जातं तुम्ही कधी ऐकलं नसेल. दगडाची घरघर फरशीतून स्टँडमधून थेट कॅमेऱ्यात शिरली आहे. बाहेरची पाण्याची मोटर पण छान आली आहे. पंखा आहे. मागच्या खोलीतला मिक्सर आहे. आणि या सगळ्याच्या पलीकडे, विहिरीच्या तळातून यावा तसा आजीचा सूर. सूर कळतो, शब्द नाही.

मग ते एआयवालं आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर लावून बघितलं. त्याने जातं काढलं, मोटर काढली, आणि आजीच्या जागी एक रोबो बसवला. जिथे शब्द नीट नव्हते तिथे त्याने आपल्या मनाने काहीतरी गुळगुळीत भरून दिलं, जे कुठल्याच भाषेतलं नाही. जे मुळात रेकॉर्डच झालं नाही ते साफ कसं करणार? आई आणि मावशी हेडफोन लावून दोन संध्याकाळी बसल्या. चार ओव्यांचे शब्द लागले. चार!

आता जरा लेन्सकडे येऊ, कारण तुम्ही म्हणाल की आवाजाचा राग काचेवर कशाला काढतोस. काढतो, कारण तिचाही हिशेब मी नंतर मांडला आणि तोही तोट्यातच निघाला.

वाइड कन्व्हर्टर म्हणजे, सोप्या भाषेत, उलटी धरलेली दुर्बीण. पुढे पसरवणारं भिंग, मागे गोळा करणारं. लहानपणी आपण दुर्बीण उलटी धरून स्वतःच्याच पायांकडे बघायचो आणि पाय लांब खाली दरीत दिसायचे ना, तेच. कॅमेऱ्याचं फोकल लेंग्थ त्या आकड्याने गुणलं जातं. किती रुंद दिसेल याचा ढोबळ हिशेब असा: अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंग्थ. ४३ मिमीला आठ फुटांवरून येतात साधारण पावणेसात फूट. मी भिंतीला टेप लावून मोजलं, तेवढंच आलं. मग लेन्स लावून मोजलं, तर साडेतेरा फूट. म्हणजे माझी ०.४५ प्रत्यक्षात ०.५ निघाली. (तुमच्याकडे असेल तर मोजून बघा. टेप, खडू आणि पाच मिनिटं. आकडा छापायला पैसे पडत नाहीत.)

आजी आणि जातं मिळून धरा तीन फूट. पावणेसात फुटांच्या फ्रेममध्ये ते जवळजवळ अर्धी रुंदी व्यापतात. साडेतेरा फुटांच्या फ्रेममध्ये पावपेक्षाही कमी. उरलेल्या जागेत काय? फडताळ आणि कालनिर्णय. मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा निम्म्यावर आणला, कशासाठी, तर पत्र्याची लाकडं दिसावीत म्हणून. आणि ती लाकडंही धड नाहीत, धनुष्यासारखी वाकलेली. कडेला बसलेल्या मामीच्या साडीच्या काठाला जांभळी किनार. कोपऱ्यांतलं सगळं ओल्या काचेतून बघितल्यासारखं. त्यात कॅमेऱ्याचं स्टेबिलायझर आतली भिंगं हलवतं, त्यामुळे कुणी स्टँडजवळून गेलं की काळे कोपरे डोकावून परत जातात, घूस दिसावी तसे.

आणि झूम? स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरमधून झूम केलं की एका टप्प्यानंतर फोकस लागतच नाही. म्हणजे ओवी म्हणताना आजीचे डोळे मिटले तेव्हा जवळ जावंसं वाटलं, तरी जाता येत नाही. दमदार झूमचा कॅमेरा घ्यायचा आणि त्याच्या तोंडावर असं झाकण बसवायचं की झूम बंद. याला काय म्हणावं?

"पण मग वाइड लेन्स लावून जवळ जायचं ना!" हो, जायचं. स्केटबोर्डवाले तेच करतात. १९९५ मध्ये सोनीचा व्हीएक्स १००० आला, त्याला सेंच्युरी ऑप्टिक्सची फिशआय लावून अमेरिकेतली पोरं स्केटबोर्डच्या इतक्या जवळून पळत शूट करायची की लेन्स फुटायच्या. तिथे ती हवीच, कारण धावणाऱ्याच्या पायाशी धावायचं आहे. पण आजीपासून दीड फुटावर कॅमेरा न्या आणि बघा. नाक फुगतं, कान मागे पळतात, हात सुपाएवढा होतो. त्यात दोष खरं तर लेन्सचा नाही, अंतराचा आहे. चेहऱ्याची ठेवण कशी दिसणार हे तुम्ही किती लांब उभे आहात यावर ठरतं, लेन्स फक्त तेवढ्या जवळ जायची परवानगी देते. आणि दीड फुटावर एक काळा डबा आला तर कुठली म्हातारी सुखाने ओवी म्हणेल?

मोबाइलवाल्यांनी लगेच हसू नये. तुमचं तेच आहे. २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये १३ मिमीची अल्ट्रा वाइड आली (त्याच्याही आधी २०१६ मध्ये एलजी जी५ मध्ये होती), आणि तेव्हापासून लग्नात, ट्रेकला, हॉटेलात जो तो ते ०.५ चं बटण दाबतोय. आयफोन ११ चंच बघा: मेन कॅमेरा एफ १.८, अल्ट्रा वाइड एफ २.४, आणि तिला फोकस बदलायचीही सोय नाही. अंधाऱ्या माजघरात ०.५ दाबलं की आधी प्रकाश कमी होतो आणि मग माणूस. त्या बटणाने आपल्याला एक वाईट सवय लावली आहे: सगळं मावलं पाहिजे. कशाला मावलं पाहिजे सगळं?

शिरूर तालुक्यातल्याच एका यात्रेत मित्राने याच लेन्सने बैलगाड्याची शर्यत शूट केली, तो किस्सा सांगायलाच हवा. २०१४ पासून या शर्यतींवर बंदी होती, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही कायदा उचलून धरला, तेव्हापासून घाट पुन्हा गच्च भरतात. पुढे घोडी, मागे बैल, भंडाऱ्याचा धुरळा, आणि बघता बघता काही सेकंदांत खेळ खलास. आमचे साहेब घाटाच्या कडेला बऱ्यापैकी लांब, वाइड लेन्स लावून. व्हिडिओत आभाळ सुंदर आलंय. खाली मुंग्यांची एक रांग जाते. तो मला म्हणाला, "ही बघ आपली गाडी." मी बघतोय अजून. ज्या कॅमेऱ्याचा झूम अशा ठिकाणी मोबाइलला पाणी पाजू शकतो, त्या कॅमेऱ्याला नेमकं तिथेच आपण आंधळं केलं.

मग माझं म्हणणं काय, वाइड लागतच नाही? लागते की. देवघरात, गाडीत, जुन्या वाड्याच्या बोळात, नवरीच्या खोलीत जिथे सहा बायका आणि तुम्ही. वरातीत चालत शूट करताना वाइडला हादरे कमी जाणवतात, हेही खरं. पण मग ०.७ घ्या. ४३ मिमीचे ३० होतात, आठ फुटांवरून साडेनऊ फूट येतात, दहा बाय बाराच्या खोलीला तेवढं बास होतं. झूम करताना फोकस टिकतो अशीच घ्या, मग ती कॅमेरा कंपनीची जुनी असो की रेनॉक्ससारख्या कंपनीची, सेकंडहँड चालेल. कॅमेऱ्याच्या आट्यांपेक्षा मोठी घेऊन रिंग लावून बसवली तर कोपरे काळे व्हायची शक्यता कमी. घेण्याआधी स्टेबिलायझर चालू ठेवून, पूर्ण वाइडला, कॅमेरा हलवून चारी कोपरे बघा. आणि वजन हातात घेऊन बघा, कारण छोट्या कॅमेऱ्याचे आटे प्लास्टिकचे असतात. बाकी यूव्ही फिल्टर, पाकळ्यांचं हूड आणि ब्रश यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. झाली.

आणि हे सगळं माइकनंतर. हा मुद्दा मी सोडणार नाही.

का, ते बघा. आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने पडतो. कॅमेरा आठ फुटांवर, आणि पदराला लावलेला कॉलर माइक तोंडापासून आठ इंचांवर. बारापट फरक, म्हणजे २१-२२ डेसिबल. खोलीत हिशेब इतका सरळ नसतो, भिंतींवरून परतलेला आवाजही माइकमध्ये येतो. पण शब्द खातो तो हाच परतलेला आवाज! त्यात कॅमेऱ्याचा ऑटो गेन म्हणजे अतिउत्साही ट्रेनी. आजी श्वास घ्यायला थांबली की त्याला वाटतं आवाज कमी झाला, मग तो पंखा मोठा करतो.

आपल्याला लेन्सवर खर्च करावासा वाटतो कारण ती दिसते. कॅमेरा हातात धरला की तो 'प्रो' वाटतो. कॉलर माइकला कोण विचारतंय? वाटाण्याएवढा असतो. मी शेवटी तपकीर गल्लीतून घेतला, लेन्सच्या किटपेक्षा स्वस्त. असे माइक सहा मीटर वायरचे मिळतात, माजघरातून ओसरीपर्यंत पुरते. फक्त पिन बघून घ्या, मोबाइलची आणि कॅमेऱ्याची वेगळी असते. काहींवर त्यासाठी छोटं बटण असतं आणि ते हमखास चुकीच्या बाजूला असतं. कॅमेऱ्याला माइकची जागाच नसेल तर माइक मोबाइलला लावा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून माणसाजवळ ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि नंतर त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवा. अर्ध्या तासात फ्रेम-दोन फ्रेमचा फरक पडतो, तो ओढून घेता येतो. आणि हेडफोन! घरात पडलेले कुठलेही, वायरवाले.

दिवाळीला मी हे सगळं घेऊन परत गेलो. कॅमेऱ्यावर काहीही नाही, उघडा. फ्रेममध्ये आजी आणि अर्धं जातं. पंखा बंद, मिक्सर बंद, मोटरसाठी मामाला आधीच सांगून ठेवलेलं. पदराला माइक लावताना आजी म्हणाली, "ह्ये बरंय. त्यो डबा नगं." हेडफोनमध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

नऊ ओव्या झाल्या आणि ती थांबली. मी म्हटलं, "आजी, मागच्या वेळी त्या माहेरच्या होत्या ना, भावाच्या, त्या म्हण की." तिने थोडा वेळ आठवून बघितलं. खुंटा दोनदा फिरवला. म्हणाली, "न्हाई रं आठवत बाळा. तवा हळद व्हती, समद्या जमल्या व्हत्या, आपसूक आल्या. आता नुसतं बसवून म्हन म्हनलास तर कुठनं येत्याल?"

त्या नऊ, आणि आई-मावशीने जुन्या रेकॉर्डिंगमधून काढलेल्या चार. त्यातल्या दोन सारख्याच निघाल्या. म्हणजे अकरा. बाकीच्या त्या साडेतेरा फुटांच्या फ्रेममध्ये आहेत. ओठ हलताना दिसतात.

मित्राला हे सगळं कॅन्टीनमध्ये सांगितलं नव्हतं. आता वाचेल.

पुढच्या शनिवारी परत न्हावऱ्याला चाललोय. पारगावहून आजीची धाकटी बहीण येणार आहे, दोघी मिळून बसल्या तर आठवतील असं मामीचं म्हणणं आहे. दोघींना दोन माइक लागतील, म्हणून काल अजून एक कॉलर माइक घेतला आणि दोन्ही एकाच कॅमेऱ्यात जातील अशी वायरही. मामाला फोन करून टाकी शुक्रवारीच भरून ठेवायला सांगितलंय. तो म्हणाला, "लाइट कधी असंल ते बघतो, पण भाचेबुवा, या वेळी तो डबा आणू नका."